दाराची पाठ

भाच्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, म्हणून पुण्याला गेलो होतो. जेवणं उरकली, विडा झाला, आणि भाचसून मोठ्या हौसेनं मला दिवाणखान्यात घेऊन गेली. "मामा, हे बघा. तुमच्या गावाकडचं काहीतरी आणलंय आम्ही."

भिंतीवर एक दार टांगलेलं होतं. आडवं. सागाचं, चार फळ्यांचं, वरच्या पट्टीला झिजलेली कमळं, लोखंडी चुकांच्या टोप्या एका ओळीत. कडी जागेवर, कोयंडा मात्र उपटून दुसऱ्याच बाजूला ठोकलेला, त्यात सुकलेल्या गवताचा एक झुपका खोवलेला. आणि त्या सगळ्या लाकडावर पांढऱ्या रंगात वारली माणसं फेर धरून नाचत होती. मधोमध तारपा वाजवणारा उभा. दार आडवं म्हटल्यावर त्याचे पाय कमळावर आले होते.

मी खुर्ची ओढली, वर चढलो आणि दार आणि भिंत यांच्या फटीत हात घातला.

"मामा, पडेल ते!"

"पाठ बघतो," मी म्हणालो.

पाठ नव्हती. म्हणजे लाकूड होतं, पण रंधा मारून, पॉलिश पेपर घासून सपाट केलेलं. भिंतीला नीट बसावं म्हणून. भाचा म्हणाला, चांगल्या नावाजलेल्या दुकानातून घेतलंय, अँटिक पीस आहे, वर आर्टिस्टचं काम आहे. किंमत त्यानं सांगितली. ती मी इथं लिहीत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या चार वर्षांचा पगार त्यात बसला असता. मी विचारलं, "हे कुठल्या गावचं?" तो भाच्याला ठाऊक नव्हतं. भाचसुनेला नव्हतं. दुकानदाराला विचारायचं त्यांना सुचलंही नव्हतं, आणि सुचलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात आहे.

जुन्या लाकडावर चित्रं काढणाऱ्यांची सध्या चलती आहे. दार झालं, खिडकी झाली, बैलगाडीच्या चाकाचे आरे झाले, जू झालं. परवा एका हमरस्त्यावरच्या हॉटेलात चाडं पाहिलं. पाभरीचं चाडं! त्याला निळा रंग दिलेला, वर मोराची पिसं काढलेली आणि आत मेणबत्ती. ज्यांना चाडं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेरणीच्या वेळी पाभरीवर जी लाकडी वाटी असते, जिच्यात बी सोडलं की ते नळ्यांतून फणांच्या मागं जमिनीत उतरतं, ते चाडं. त्याच्यावर मूठ धरायला कसबी हात लागतो. मूठ सैल पडली तर बी दाट पडतं, आवळली तर मोकळ्या रेघा राहतात, आणि त्या रेघा मग पीक निघेपर्यंत सगळा गाव बघतो. आमच्या घरी मूठ माझी चुलती धरायची. पेरणीच्या पहिल्या दिवशी चाड्याला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा. त्या चाड्याच्या कडेला आतल्या अंगानं बोटांनी झिजून एक गुळगुळीत खळगा पडतो. हॉटेलातल्या चाड्यालाही तो खळगा होता. त्यातच निळा रंग साचून वाळला होता.

वेटर म्हणाला, "काका, सेल्फी घ्यायचाय का?"

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला जुन्याचं वेड आहे. तसं नाही. चित्राला माझा विरोध नाही, लाकडावरच्या चित्राला तर नाहीच. आमच्या सावंतवाडीत चिताऱ्यांनी लाकडावर, लाखेवर पिढ्यान्‌पिढ्या रंगकाम केलं. पाट रंगवले, देव्हारे रंगवले, खेळणी रंगवली. पोळ्याला आम्ही बैलाची शिंगं रंगवतो ती काय नुसती रंग उरला म्हणून? एका चित्रकारबाईंशी माझा या विषयावर वाद झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, मोनालिसासुद्धा लाकडावरच आहे." खरं आहे. पॉप्लरच्या फळीवर आहे. पण ती फळी लिओनार्दोनं चित्रासाठी घेतली होती. कुणाच्या घराचं दार उपसून आणलं नव्हतं.

आणि वारलीचं म्हणाल तर तीही मूळची भिंतीवरची. गेरूनं सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, लग्नाचा चौक, चौकात पालघट देवी, आणि तो चौक लिहिणाऱ्या सवाष्ण बाया. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा तो हक्क होता; ते वारली होते आणि काय काढतोय ते त्यांना कळत होतं. तेरणेच्या काठचं दार आणायचं, त्यावर डहाणूचा तारपा काढायचा आणि पुण्यात 'गावाकडचं' म्हणून विकायचं, यात गाव नेमकं कुठलं? लातूरचं की पालघरचं? विकणाऱ्याच्या लेखी सगळी खेडी एकच.

मी दाराची पाठ का बघतो, ते आता सांगायला हवं.

दाराची पुढची बाजू गावासाठी असते. तिथं कोरीव काम, गणेशपट्टी, तोरणाचे खिळे, बोटांचे कुंकवाचे ठसे. पाठ घरातल्या माणसांची. आमच्या दाराच्या पाठीवर मायनं चुन्याच्या बोटांनी ठेवलेला दुधाचा हिशेब होता. महिना संपला की ओल्या फडक्यानं पुसायची, पण पुसलेल्या ठिपक्यांचं पांढुरकं ढग कायम राहिलं होतं. आबांनी विळ्याच्या टोकानं पाडलेल्या खाचा होत्या, एकेका वर्षी किती पोती ज्वारी पेवात गेली त्याच्या. बहात्तरच्या दुष्काळाच्या जागी त्यांनी काहीच कोरलं नव्हतं, नुसती चार बोटं जागा सोडली होती. आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा होत्या. मधल्या बहिणीची रेघ सातव्या वर्षाच्या पुढं गेली नाही. अडसर ज्या जागी घासायचा तिथं लाकूड आरशासारखं झालं होतं, आणि चिमणीच्या काजळीनं वरचा कोपरा काळा.

मला लिहायला-वाचायला शाळेत शिकवलं, पण आमच्या घराची पहिली वही ते दार होतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून माणसं उशिरा निजलेली. पहाटे चार वाजायला चार मिनिटं होती तेव्हा जमीन हलली. किल्लारीत, सास्तुरात, त्या सगळ्या पट्ट्यात काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमचं गाव जरा लांब, म्हणून आम्ही हे लिहायला उरलो. तरी निम्मी घरं बसली. माय म्हशीच्या हंबरण्यानं जागी होऊन दारात आली होती. दोन्ही बाजूंच्या भिंती खाली आल्या, आणि ती चौकटीत उभीच राहिली. धुळीत पांढरी होऊन, दोन्ही हातांनी चौकट धरून. तिला तिथून हलवायला आम्हाला बराच वेळ लागला. भिंत नव्हती, दार होतं.

आमच्याकडची जुनी घरं म्हणजे खणांची. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलचणाच्या फळ्या, आणि वर मातीचं माळवद. पाऊस गळू नये म्हणून दर वर्षी माळवदावर माती चढायची, जुनी कुणी काढायचं नाही, त्यामुळं पन्नास वर्षांत दीड-दोन फूट माती डोक्यावर. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, पण ओबडधोबड दगडाच्या आणि मातीत रचलेल्या. हादऱ्यात दगड सुटले आणि माणसांवर आले. पुष्कळ ठिकाणी भिंती बसल्या आणि मधे लाकडाचा सांगाडा तसाच उभा राहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण भ्यालेल्या माणसाला हे कोण समजावणार? त्या पहाटेनंतर आमच्या भागात माणसं दगडाला भ्याली, मातीला भ्याली, आणि लाकडालाही भ्याली. महिनोन्‌महिने पत्र्याखाली राहिली. मग सिमेंटची घरं आली, लोखंडी दारं आली. आणि उतरवलेलं लाकूड परड्यात, उकिरड्याशेजारी, पावसात पडून राहिलं.

दोन वर्षांनी एक टेम्पोवाला आला. गावोगाव फिरत होता. दार, चौकट, दोन खांब आणि एक तुळई, सगळ्याचे अठराशे रुपये दिले. मी घेतले. मीच. आबा तेव्हा अंथरुणाला होते, मायला विचारलं नाही. ती संध्याकाळी रानातून आली, मोकळ्या जागेकडं बघितलं आणि म्हणाली, "पुसायचं तरी व्हतं." एवढंच. दुधाचा चालू महिन्याचा हिशेब त्यावर होता.

नंतर वाचनात आलं की १९७२ साली केंद्रानं पुरावस्तूंचा कायदा केला आहे. शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही त्यात येते. तिचा धंदा करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर ती खासगी माणसाला नेता येत नाही. आमचं दार माझ्या पणज्याच्या वेळचं, निजामाच्या राज्यातलं. म्हणजे अठराशे रुपयांत मी काय विकलं ते कायद्याला कळत होतं, मला मात्र नव्हतं. मास्तर असून.

तेव्हा दार रंगवणाऱ्यांना शिव्या घालायचा मला अधिकार किती, हा प्रश्न रास्तच आहे. तो मला पहिल्यांदा विचारला तो आमच्या पेंटरनं.

पेंटर माझ्या वर्गातला. सुताराचा पोरगा. गाव त्याला पेंटरच म्हणतं, रेशन कार्डावरचं नाव त्यालाही आठवावं लागत असेल. त्याच्या बापाचं काम लिंबाखाली चालायचं. नांगर, कुळव, पाभर, गाडी सगळं बाभळीचं. बाभूळ तोडली की ओंडका डोहात महिनोन्‌महिने भिजत टाकायचे, म्हणजे पुढं भुंगा लागत नाही. खळ्यावर बलुतं मिळायचं. मग लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर आला, बलुतं आटलं. पोरानं रंधा ठेवला आणि ब्रश धरला. आमच्या तालुक्यातले निम्मे शाळेचे सुविचार, कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण, साक्षरतेच्या घोषणा, ट्रकमागची कमळं त्याच्या हातची. अक्षर असं की उंबरठ्याशी उभं राहून वाचत राहावं. पुढं फ्लेक्स आला आणि एका वर्षात त्याचं काम संपलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा छापून येऊ लागल्यावर हातानं कोण लिहून घेणार?

रिकामा माणूस काय करील? बापाच्या लिंबाखाली मोडकी औतं पडलेली. दुरुस्तीला आलेली आणि कुणी परत न नेलेली. त्यानं एका इसाडावर बापाचा चेहरा काढला. मग एका जुवावर बैलजोडी. तालुक्याच्या कुणी तरी बघितलं, शहरातला एक दलाल आला, आणि पेंटरचं बरं चालू लागलं.

हे कळलं तेव्हा मी तावातावानं त्याच्याकडं गेलो. "अरे, तू सुताराचा लेक. ज्या औतानं चार पिढ्या पोसल्या त्याला तू रंग फासून बाजारात मांडतोस? लाज वाटत न्हाई?"

त्यानं मान वर केली नाही. "गुरुजी, बस. च्या घे." मग ब्रश पुसत म्हणाला, "तू दार इकलंस का न्हाई? म्या इकलेलं रंगवतो. तुझ्या चुलतभावानं पाभर काय केली? बंबात घातली. सरपंचाची गाडी? होळीत. म्या रंगवली न्हाई तर काय हुनार हाय ह्याचं, सांग की. तुझ्या साळंत ठिवतोस का?"

माझ्या शाळेत काय ठेवणार? शाळेची जुनी सागवानी बाकं आम्हीच निर्लेखन करून वजनावर विकली होती, आणि तो ठराव माझ्याच अक्षरात होता.

म्हणून मी दुसऱ्या बाजूच्या लोकांवरही चिडतो, ते इथंच सांगून टाकतो. परिसंवादात एक गृहस्थ सांगत होते की जुन्या लाकडाला ब्रश लावणं हेच पाप. ते मूळ स्वरूपात जतन झालं पाहिजे. कुठं? कुणाच्या खर्चानं? दिनकर केळकर, ते 'अज्ञातवासी' कवी, त्यांनी आयुष्य घालून गावोगावच्या वाड्यांतली दारं, चौकटी, दिवे, अडकित्ते गोळा केले आणि पुण्यात संग्रहालय उभं केलं. तसा एक माणूस शतकात निपजतो. बाकीच्यांनी भाषणं केली, आणि आम्ही गावकऱ्यांनी पाणी तापवलं. जी वस्तू चुलीत जाणार तिच्यावर कुणी फूल काढलं तर त्याला पापी म्हणण्याइतका मी आता शहाणा राहिलेलो नाही.

पण पेंटर काम कसं करतो ते पाहिल्यावर माझं भांडण नेमकं कशाशी आहे ते मला उमगलं.

उन्हापावसात पडलेलं लाकूड राखाडी होतं, ते सगळ्यांना दिसतं. तो सांगतो, ऊन लाकडातला चिकटा मारतं, पाऊस तो धुऊन नेतो, आणि वर उरतो तो नुसता सुटा धागा. त्याच्यावर रंग दिला तर पहिल्या पावसाळ्यात पापुद्रा निघतो. म्हणून तो आधी काथ्याच्या ब्रशनं, पाण्यानं, सुटं तेवढंच काढतो. मऊ लाकूड झिजून कडक रेघा वर आलेल्या असतात. त्या तो मोडत नाही. मग जवसाचं तेल पाजतो. पाजतो हाच त्याचा शब्द. सुकं लाकूड पहिलं तेल घटाघटा पितं, दुसऱ्याला तोंड वाकडं करतं, तेव्हा थांबायचं. आणि मग तो दोन-दोन दिवस नुसता बघत बसतो. जिथं जोतं घासून जुवाला खाच पडली आहे तिथं तो रंग लावत नाही. रुमण्याच्या मुठीवर कधीच नाही. "तिथं काढलेलंच हाय की," म्हणतो. "त्याच्यावर आनि काय काढू?"

काम झालं की वस्तू उलटी करतो आणि पाठीवर, त्याच्या त्या सुंदर अक्षरात, लिहितो: वस्तू काय, गाव कुठलं, कुणाच्या घरची, घडवली कुणी, मोडली कधी. माहीत असेल तेवढं. शेवटी आपलं नाव.

हे दलालाला खपलं नाही. पहिल्यांदा तो गोडीत म्हणाला, मागं एवढं लिहू नका, गिऱ्हाईक गोंधळतं. मग म्हणाला, पाठ रंधून द्या, भिंतीला नीट बसत नाही. मग खरं बोलला: मागं गाव आणि घर लिहिलं तर गिऱ्हाईक थेट तिथं जाईल, आणि जू कितीला घेतलं होतं ते त्याला कळेल. आणखी एक मागणी होती. बापाचे चेहरे नकोत, बैलं नकोत. वारली काढा. वारली चालते.

पेंटरनं दोन वर्षं वारली काढली. पाठी रंधून दिल्या. धाकट्या पोरीची नर्सिंगची फी भरायची होती. हे मला त्यानंच सांगितलं, खाली मान घालून. मी काही बोललो नाही. बोलणार कोण? अठराशेवाला? पण त्या दोन वर्षांत किती दारांच्या पाठी त्याच्या रंध्याखाली गेल्या असतील हा हिशेब तो करतो, हे मला माहीत आहे. कारण मीही करतो. पोरगी नोकरीला लागली त्या महिन्यात त्यानं दलालाला सांगितलं, आता पाठीवर लिहीन, न्यायचं तर ने. दलाल नेईनासा झाला. आता वर्षाला सात-आठ कामं जातात, ओळखीओळखीनं.

आणि दलालाचं काही अडलं का? मुळीच नाही. जुनं लाकूड संपत आलं तरी त्याला फिकीर नाही, कारण ते आता बनवता येतं. नवी फळी घ्यायची, कॉस्टिक सोडा लावायचा, तारेच्या ब्रशनं मऊ भाग खरवडायचा, सिरक्यात गंजवलेलं लोखंड पुसलं की राखाडी रंग येतो. दिव्यानं जरा भाजायचं, साखळीनं चार घाव घालायचे. एका दिवसात ऐंशी वर्षं. मी असं एक कारखान्यातलं दार पाहिलं. किडीची भोकंसुद्धा ड्रिलनं पाडलेली होती, सगळी सरळ. कीड कधी सरळ जाते का हो?

मला त्या दाराचा मात्र राग आला नाही. त्याच्या मागं कुणी नव्हतं, कुणाचं काही पुसलं नव्हतं. ज्यांना भिंतीवर नुसतं जुनेपण हवं आहे, त्यांनी खुशाल ते घ्यावं. साखळीचे घाव बघत चहा प्यावा.

पण जे खरं दार घेता, खरं जू घेता, त्यांच्याशी माझं भांडण आहे, आणि ते मी मरेपर्यंत करणार आहे. चित्रकारांनो, तुम्ही कॅनव्हासवर सही करता. कोपऱ्यात, तारखेसकट. ती कुणी घासली तर तुम्ही कोर्टात जाल. मग ज्यानं बाभूळ डोहात भिजवली, सालभर वाट पाहिली, तासली, बेतली, त्याचं नाव कुठं आहे? तुमच्या चित्रातलं अर्धं काम त्यानं केलंय, उरलेल्यातलं अर्धं उन्हानं आणि बैलानं. प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर 'जुन्या लाकडावर ॲक्रिलिक' असं लिहून मोकळे होता. जुनं लाकूड हे काय गावाचं नाव आहे? विकत घेताना निदान एक प्रश्न विचारा: कुणाचं? सांगणारा सांगत नसेल तर समजा की तो तुमच्यापासून काहीतरी लपवतोय, आणि बहुधा किंमत. पाठ रंधू नका. भिंतीला नीट बसत नसेल तर भिंतीला खिळा लांब मारा.

आणि गावाकडच्या माझ्या भावांनो, तुम्हालाही. टेम्पोवाला आला तर विकू नका असं मी सांगत नाही. ज्याच्या पोरीची फी आहे त्याला मी काय सांगणार? पण विकण्याआधी दार उलटं करा. खडूनं का होईना, नाव घाला. फोनमध्ये फोटो काढा. दारावरचा हिशेब वहीत उतरवून घ्या. एवढं जमेल.

एवढं सगळं तोंडानं बोलून मी गेल्या पौषात पेंटरकडं गेलो. आमच्या दाराचा उंबरा माझ्याकडं राहिलाय. टेम्पोवाल्यानं तो नेला नव्हता. मधोमध झिजून त्याची नाव झाली होती, म्हणाला, ह्याला गिऱ्हाईक नाही. तीस वर्षं तो गोठ्यात गव्हाणीखाली टेकू म्हणून होता. गोठा पाडला, तो मोकळा झाला. मी आणि थोरल्यानं तो ट्रॉलीत घालून लिंबाखाली आणला.

पेंटरनं त्याच्यावर पाणी ओतलं. ओल्यात सागाचा रंग वर आला. झिजलेल्या जागेवरनं त्यानं तळहात फिरवला, बराच वेळ.

"ह्याच्यावर म्या काय काढनार न्हाई," म्हणाला. "पर पाठीवर लिहून देतो. सांग."

मी गाव सांगितलं. पणज्याचं नाव सांगितलं. भूकंपाची तारीख सांगितली, मायचं नाव सांगितलं. तो लिहीत गेला.

"घडवला कुनी?"

मी गप्प.

"सुतार कोन व्हता, गुरुजी?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणी कधी बोललेलं मला आठवत नव्हतं. त्याचाच आजा-पणजा असेल, नसेल. दार कमळांचं, म्हणजे कदाचित बाहेरचा कारागीर आणला असेल. मी तसं म्हणालो.

"कदाचित न्हाई लिहीत म्या," पेंटर म्हणाला, आणि त्यानं 'घडवणार' एवढं लिहून पुढं चार बोटं जागा सोडली. मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

उंबरा अजून त्याच्याकडंच आहे, लिंबाखाली, पालथा. आबांच्या जुन्या वह्यांची ट्रंक मी माळ्यावरनं उतरवली आहे. निम्म्या वाळवीनं खाल्ल्यात, निम्म्या मोडीत आहेत, आणि मोडी मला येत नाही. उमरग्याला एक म्हातारे वाचतात म्हणे. त्यांच्याकडं सोमवारी जायचं आहे.